मदत हवी आहे: वडिलांना घेऊन पहिल्यांदाच फॉर्म्युला वन बघायला जायचंय, सिंगापूर की अबू धाबी?

चिकलठाणकर:

मंडळी नमस्कार. मी छत्रपती संभाजीनगरचा, वाळूजला एका व्हेंडरकडे क्वालिटीत आहे. नरेन कार्तिकेयन २००५ ला जॉर्डन संघाच्या गाडीत बसला तेव्हा पेपरातलं कात्रण कपाटाच्या दाराला चिकटवलं होतं, तेव्हापासूनचं हे वेड. २०११ ते २०१३ शर्यत आपल्याच देशात, ग्रेटर नोएडाला होत होती, तेव्हा खिशात पैसे नव्हते. आता थोडेफार आहेत, तर शर्यत देशात नाही.

यंदा जायचंच असं ठरवलंय आणि सोबत अण्णांना, म्हणजे वडिलांना, न्यायचंय. खरा पेच तिथंच आहे.

अण्णा चिकलठाण्याला एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत होते. शर्यत कोण जिंकतं ह्याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. पण गाडी चाकं बदलायला पिटमध्ये शिरली की चष्मा कपाळावर चढवून टीव्हीच्या पार पुढ्यात जाऊन उभे राहतात. चार चाकं दोन-अडीच सेकंदांत बदलतात हे त्यांना काही केल्या पटत नाही. त्यांच्या मते टीव्हीवाले मधला तुकडा कापतात. मी त्यांना २०२३ ची कतारची क्लिप दाखवली. मॅकलारेन संघाने त्यांच्या लँडो नॉरिसची गाडी १.८० सेकंदात सोडली होती, विक्रमच आहे तो. मागे-पुढे करत बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "एका चाकाला एकच नट दिसतोय. मग गन लावणारा वेगळा, जुनं चाक ओढणारा वेगळा आणि नवं बसवणारा वेगळा पाहिजे." अगदी बरोबर, एका चाकामागे तीन माणसं असतात. मग म्हणाले, "पण चारी नट बसले हे गाडी सोडणाऱ्याला कळतं कसं? ओरडून तर ऐकू जायचं नाही." इथं मी गप्प. हे सगळं त्यांना डोळ्यांनी दाखवायचं हे तेव्हाच डोक्यात बसलं.

आता अडचणी. अण्णांचे गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत. साखरेच्या गोळ्या चालू आहेत. शुद्ध शाकाहारी, आणि रात्री नऊनंतर जेवण म्हटलं की कुरकुर. परदेशात दोघंही कधी गेलेलो नाही. सिंगापूर आणि अबू धाबी ही दोन नावं डोक्यात आहेत, कारण युरोपचा खर्च आणि थंडी दोन्ही झेपणार नाही.

शहरातल्या एका ट्रॅव्हलवाल्याकडून कोटेशन घेतलं, त्यात नुसतं 'रेस तिकीट' एवढंच. कुठला स्टँड, किती दिवसांचं, काही नाही. विचारलं तर म्हणे, "सर, आत गेलं की सगळीकडून दिसतं." हे मला पटलेलं नाही. प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी सांगा: कुठं जावं, कुठं बसावं आणि वयस्कर माणसाला तीन दिवस झेपतं का?

गोदातीर:

सगळीकडून दिसतं म्हणणाऱ्याकडून तिकीट घेऊ नका, पहिली गोष्ट. शर्यत बंद व्हायच्या आधी मी मलेशियात सेपांगला बघितली आहे. बसल्या जागेवरून ट्रॅकचा एक तुकडा दिसतो, बास. गाड्या येतात, जातात, मग मिनिट-दीड मिनिट समोरच्या मोठ्या पडद्याकडे बघत बसायचं. आमचे नांदेडचे मामा सोबत होते. पहिल्या सरावालाच म्हणाले, "एवढा पैसा घालून एका कोपऱ्यातून काय दिसूलालंय?" त्यांचं खोटं नव्हतं. कोण कितवा, कोणाचे टायर किती जुने, हे सगळं घरी फॅनकोड ॲपवर जास्त नीट कळतं.

पण टीव्हीवर वेग कळत नाही. ब्रेक कुठं लागतो, गाडी किती हिसक्याने थांबते, हे समोर बघितल्याशिवाय समजायचं नाही. मामा दुसऱ्या दिवशी माझ्या आधी तयार होऊन बसले होते.

शंकरपट बघितलाय ना? जोडी सुटते तिथं उभं राहणारा वेगळी शर्यत बघतो आणि निशाणापाशी उभा राहणारा वेगळी. इथंही तसंच. आधी काय बघायचं ते ठरवा, मग स्टँड. तुमचं तर आधीच ठरलंय, अण्णांना पिट दाखवायचाय. म्हणजे पिटसमोरचा स्टँड सोडून दुसरीकडे बघूच नका. वळणावरचे स्टँड कितीही स्वस्त मिळाले तरी.

सिंगापूरचा परभणीकर:

इथं राहतो म्हणून सिंगापूरची बाजू मांडतो. शर्यत रात्रीची, २००८ पासून. सुरुवात इथल्या आठ वाजता, म्हणजे आपल्याकडचे साडेपाच. ट्रॅक शहराच्या रस्त्यांवरच, जवळपास पाच किलोमीटरचा, ६२ फेऱ्या. जायला-यायला एमआरटी म्हणजे मेट्रो, टॅक्सीची कटकट नाही. लिटल इंडियात उतरा. सेरांगून रोडवर शाकाहारी जेवणाला तोटा नाही, आणि तिथून डाउनटाउन लाइनने तिसरं स्टेशन प्रॉमेनेड, पिटच्या बाजूचं. व्हिसा अधिकृत एजंटामार्फत काढता येतो. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, ते फुकट असतं. त्याचे पैसे मागणाऱ्या साइट निघाल्यात, फसू नका.

वॉकअबाउट नावाचं जे स्वस्त तिकीट असतं ते तुमच्यासाठी नाही. त्यात जागा ठरलेली नसते. कुंपणापाशी नाहीतर चौथऱ्यावर आधी येऊन उभं राहायचं, आणि जागा सोडली की गेली. तरण्या पोरांना मजा येते. गुडघेवाल्यांना शिक्षा.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. इथला उकाडा आपल्याकडच्यासारखा नाही. परभणीचं ऊन भाजून काढतं, पण सावलीत गेलं की जीव थंड होतो. इथं रात्री दहालासुद्धा अंगाला सदरा चिकटलेला असतो. २०२५ ला एफआयएने, म्हणजे ह्या शर्यतींच्या जागतिक संघटनेने, इथल्या शर्यतीला अधिकृतपणे 'हीट हॅझर्ड' म्हणजे उष्णतेचा धोका जाहीर केला होता, अशी पहिलीच वेळ. आणि पाऊस! २०२२ ला पावसाने शर्यत तासाभराहून जास्त उशिरा सुरू झाली, मग दोन तासांची मर्यादा संपली म्हणून तेव्हाच्या ६१ ऐवजी ५९ फेऱ्यांतच आटोपली. लोक रेनकोट घालून बसून होते. संपून हॉटेलवर जायला मध्यरात्र उलटते. तुमच्या अण्णांचं नऊचं जेवण विसरा.

चिकलठाणकर:

परभणीकर, तुम्ही सिंगापूरची बाजू मांडता मांडता मला अबू धाबीला पाठवलंत! पण खरंच आभारी आहे. रात्रीचं जेवण हा आमच्या घरी गंमतीचा विषय नाही. अबू धाबीला जाऊन आलेलं कोणी आहे का?

यासवारी:

आहे ना. मूळचा जालन्याचा, आता दुबईत. तुमच्या गरजा वाचून मी तरी डोळे झाकून अबू धाबी म्हणेन.

यास मरीना सर्किट, २००९ पासून. शर्यत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, वर्षातली शेवटची. हवा आपल्याकडच्या दिवाळीनंतरच्या दिवसांसारखी, संध्याकाळी हलका स्वेटर सोबत ठेवा. सुरुवात तिथल्या पाच वाजता, आपले साडेसहा. उजेडात सुरू होते, दिव्यांत संपते. सातच्या आत सगळं आटोपतं, म्हणजे अण्णांचं जेवण वेळेवर. त्याच आवारात रात्री गाण्याचे मोठे कार्यक्रम असतात. ते सोडून निघालात तर गर्दीही कमी लागेल.

पिट बघायचा तर 'मेन ग्रँडस्टँड', तो पिटच्या बरोबर समोर आहे आणि वर छप्पर आहे. महाग आहे, खोटं सांगत नाही. पण ह्याच कारणासाठी निघालाय तर इथं हात आखडता घेऊ नका, हॉटेलात वाचवा. अबू धाबी हिल नावाची उतारावरची जागा स्वस्त असते, ती अण्णांना नको. अजून एक गंमत तिथं आहे: पिटमधून बाहेर पडणारी गाडी ट्रॅकखालच्या बोगद्यातून निघते. अण्णांना आवडेल.

विमानतळासाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. लाज वाटून घेऊ नका, इमिग्रेशनची रांगही वाचते. तुम्ही बहुधा देवगिरीने येणार. रात्रभर रेल्वे आणि लगेच विमान असं करू नका, मध्ये एक दिवस मुंबईत काढा. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक पाहिजे. व्हिसा विमान कंपनीकडून किंवा एजंटाकडून ऑनलाइन होतो.

आटेपाना:

फक्त अण्णांच्या प्रश्नासाठी लॉगिन केलंय. जुना मेकॅनिक असा प्रश्न विचारतो आणि त्याला कोणी उत्तर देत नाही, हे बरं दिसत नाही.

ओरडत नाहीत, बटण दाबतात. नट आवळला की गनवाला गनवरचं बटण दाबतो. चारी चाकांचा इशारा आला, जॅक खाली आले, की चालकाच्या समोर टांगलेला दिवा हिरवा होतो. सोडण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते तो मागून दुसरी गाडी येतेय का बघत असतो. येत असली तर दिवा अडवून धरतो, कारण येणाऱ्या गाडीच्या वाटेत आपली गाडी सोडली तर दंड बसतो. पुढचा आणि मागचा जॅक वेगळा. पुढचा जॅकवाला येणाऱ्या गाडीच्या थेट समोर उभा असतो, आणि जॅक असा की त्याला बाजूला फिरून निसटता येतं. सगळी मिळून वीसेक माणसं. आणि डाव्या-उजव्या बाजूच्या नटांचे आटे उलटसुलट असतात, हे अण्णांना सांगा, खूश होतील. पेट्रोल भरणं २०१० पासूनच बंद आहे, म्हणून आता सगळा खेळ चाकांचाच.

एक सल्ला. मेन स्टँडमधूनही सगळे पिट सारखे दिसत नाहीत, समोरचे दोन-तीन गॅरेजच नीट दिसतात. गॅरेजची रांग साधारण आदल्या वर्षीच्या संघांच्या क्रमाने लागते, विजेता संघ एका टोकाला. म्हणजे ज्यांचं काम बघायचंय त्यांच्यासमोर येईल असा ब्लॉक निवडा. नकाशा बघून ठरवा, ट्रॅव्हलवाल्याला विचारून नाही. दुर्बीण न्या, कानात घालायची बोंडं न्या.

आणि शुक्रवार चुकवू नका! लोक फक्त रविवारचं बघतात. शर्यतीत एकेक गाडी एकदा-दोनदा पिटमध्ये येते. कोरड्या ट्रॅकवर दोन वेगळ्या प्रकारचे टायर वापरलेच पाहिजेत असा नियम आहे म्हणून निदान एकदा यावंच लागतं. पण सरावात गाडी सारखी आत-बाहेर, सेटिंग बदल, पुन्हा बाहेर. मेकॅनिक माणसाला खरी जत्रा शुक्रवारीच. काही शर्यतींना तीन दिवसांचं तिकीट असलेल्यांना गुरुवारी पिट लेनमधून चालत जाऊ देतात, गॅरेजच्या अगदी दारासमोरून. तिकीट घेताना हे आहे का ते वाचा. असेल तर तेवढ्यासाठी एक दिवस आधी जा. शनिवारी दुपारचं ऊन टाळून सरळ पात्रता फेरीला गेलात तरी चालेल, अण्णांना तेवढाच आराम.

गोदातीर:

आटेपानांनी धाग्याचं सोनं केलं. माझी एकच भर: अबू धाबीला फॉर्म्युला टूची, म्हणजे एक पायरी खालच्या स्पर्धेचीही शेवटची फेरी असते. आपला कुश मैनी २०२५ ला मोनॅकोत फॉर्म्युला टूची स्प्रिंट, म्हणजे छोटी शर्यत, जिंकला होता. तुमच्या वर्षी आपलं कोणी असलं तर ओरडायला निमित्त.

चिकलठाणकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. आटेपाना, तुमचा प्रतिसाद अण्णांना मोठ्याने वाचून दाखवला. बटणाचं ऐकून म्हणाले, "मग बटण आधी दाबलं आणि नट बसलाच नसला तर?" म्हणजे पुढचा प्रश्न तयार आहे.

अबू धाबी, मेन ग्रँडस्टँड, तीन दिवस, तिकीट मी स्वतः अधिकृत साइटवरून काढणार, असं ठरवलं. त्या कोटेशनवाल्याला 'नको' म्हणून कळवलं. आता शेवटची शंका, आईची. दिवाळीनंतर लगेच जायचंय, तर ती डबा भरून फराळ आणि काळा मसाला देणार म्हणते. नेता येईल का?

आटेपाना:

तसं होतं कधीकधी, म्हणून तर चाक सुटल्याच्या बातम्या येतात. त्यासाठी संघाला दंड होतो. अण्णांना म्हणावं, तुमची शंका रास्त आहे.

यासवारी:

चकल्या, शेव, चिवडा खुशाल आणा, बंद पाकिटात. ट्रॅकच्या गेटवर बाहेरचं खाणं आत सोडत नाहीत, ते हॉटेलवर ठेवा. पण अनारसे अजिबात नको! त्यावर खसखस असते आणि यूएईत खसखशीला बंदी आहे, विमानतळावर सापडली तर गंभीर भानगड होते. आईंच्या काळ्या मसाल्यात खसखस घातलेली असेल तर तोही घरीच. अण्णांच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत सोबत.