बीपी असलेल्या वडिलांना लेहला न्यायचंय, उंचीवर नक्की काय होतं?

इंदिरानगरची_लेक
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ आर्मीत आहे, सध्या लेहला पोस्टिंग. जूनमध्ये आईपप्पांना घेऊन त्याच्याकडे जायचं चाललंय. काळजी पप्पांची आहे. वय 64, आठ वर्षांपासून बीपी, रोज सकाळी टेल्मिसार्टन 40 ची गोळी, त्यावर 130/80 च्या आसपास राहतं. शुगर नाही, हार्टचा त्रास कधी नाही. गोदापार्कला रोज चालतात, मागच्या नवरात्रात वणीच्या पायऱ्या चढून गेले तरी दम लागला नाही, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला काही होत नाही. पण शेजारचे काका म्हणतात तिकडे बीपी एकदम चढतं, आणि मावशी म्हणते ऑक्सिजन कमी म्हणजे बीपी लो होणार, गोळी बंद ठेवा. नक्की खरं काय? आणि जे लोक जन्मापासून तिथेच राहतात त्यांना बीपी, हार्ट असलं काही होत नाही का?

सातपूरकर_72
ताई, गोळी बंद अजिबात करू नका हे आधी सांगतो. मी अण्णांना दोन वर्षांपूर्वी नेलं होतं, दिल्लीहून फ्लाइटने थेट लेह. हॉटेलवर बॅग उघडली तर नाशिकहून नेलेलं चिवड्याचं पाकीट फुगून उशीसारखं झालेलं, तेव्हाच कळलं हवा किती विरळ आहे ते. रात्री अण्णांचं डोकं जरा जड झालं म्हणून मशीन लावलं तर 168/96, घरी 135 च्या वर कधी जात नाही. माझे हातपाय गार पडले, अजून एक गोळी देणारच होतो पण आधी इथल्या आमच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारलं छातीत दुखतंय का, पडल्यावर दम लागतोय का, बोलताना अडखळतात का. काहीच नव्हतं. म्हणाले जास्तीची गोळी नको, झोपू दे, सकाळी उठल्यावर पाच मिनिटं शांत बसवून परत बघा. सकाळी 156, तिसऱ्या दिवशी 148/90, आणि नाशिकला आल्यावर आठवड्याभरात पहिल्यासारखं. टूरवाल्याने दुसऱ्याच दिवशी खारदुंगला, म्हणजे लेहपेक्षा खूप उंचावरची खिंड, ठेवला होता, पैसे परत मिळणार नाही म्हणून अडून बसला, आम्ही गेलो नाही. तो तुमच्याशीही असंच करेल, ऐकू नका.

वॉर्डातली_सिस्टर
मी कार्डिॲकला बारा वर्षं ड्यूटी केलीय म्हणून लिहिते. ताई, वणीवरून अंदाज बांधू नका. गड दीड हजार मीटरच्या आत आहे, आपलं कळसूबाईसुद्धा 1646 मीटर, आणि लेह 3500. हवेत ऑक्सिजन तिथेही 21 टक्केच असतो पण हवेचा दाब कमी, त्यामुळे एका श्वासात समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांशच ऑक्सिजन आत जातो. शरीराला ते लगेच कळतं, ॲड्रेनलिन वाढतं, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी चढतं. म्हणजे काकांचं बरोबर आहे, मावशींचं नाही. ज्याला बीपी नाही त्याचंही थोडं वाढतं.

पप्पांच्याच गोळीबद्दल एक माहितीय, एव्हरेस्टच्या वाटेवर टेल्मिसार्टन तपासून पाहिली होती, 3400 मीटरपर्यंत तिने बीपी धरून ठेवलं, 5400 च्या बेस कॅम्पला मात्र तिचा उपयोग झाला नाही. म्हणून लेहला राहणं वेगळं आणि खारदुंगला वेगळा. निघायच्या महिनाभर आधी फिजिशियनकडे जा, ईसीजी काढा, आणि वरचा आकडा किती झाला तर काय करायचं हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती डायमॉक्सची गोळीही त्यांना विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. ज्यांना लघवीची गोळी चालू असते त्यांनी तर नक्की विचारावं, तिकडच्या कोरड्या हवेत अंगातलं पाणी आधीच कमी होतं.

आणि बीपीच्या आकड्यापेक्षा मला फुफ्फुसाची जास्त भीती वाटते. ऑक्सिजन कमी झाला की फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो, काहींच्या फुफ्फुसात पाणी भरतं. बोटाच्या ऑक्सिमीटरवर पहिले दोन दिवस 85 ते 90 दिसणं तिथे नेहमीचं आहे, पण बसल्या जागी दम, खोकला, ओठ निळे, चालताना तोल जाणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, ऑक्सिजन लावून हॉस्पिटल गाठायचं आणि खाली उतरायचं.

देवळालीचा_फौजी
मी लडाखमध्ये दोन वर्षं काढली. तुमचा शेवटचा प्रश्न मलाही तिथे पडायचा. तिथल्या लोकांनाही बीपी होतं. गुरगुर चहा मीठ आणि लोणी घालून लाकडी नळकांड्यात घुसळतात, दिवसभर कप भरत राहतात, म्हातारी माणसं तर नाही म्हणूच देत नाहीत, त्यातून पोटात किती मीठ जातं बघा. पण विरळ हवा त्यांना पिढ्यानपिढ्या मानवलेली आहे. तिबेटी लोकांत ईपीएएस1 या जीनचा एक खास प्रकार असतो, त्यामुळे त्यांचं हिमोग्लोबिन फार वाढत नाही. आपल्यासारख्यांचं वाढतं, रक्त दाट होतं. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतातल्या लोकांचंही वाढतं, काहींना त्याचाच आजार होतो, पेरूच्या कार्लोस मोंगे डॉक्टरांनी तो 1925 साली मांडला.

माझं ऐकाल तर विमानाने जाऊच नका. श्रीनगर 1600 च्या आसपास, तिथे दोन रात्री, मग कारगिल 2700 च्या आसपास, तिथे एक, मग लेह. मनालीकडून सरचूला मुक्काम पडतो, तो 4200 च्या वर, म्हणून तो रस्ता जाताना नको.

इंदिरानगरची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. फ्लाइटचं बुकिंग केलं नव्हतं, आता श्रीनगरवरूनच जाऊ, लेहला पहिले तीन दिवस नुसता आराम. पँगाँग तलावाचा मुक्काम भावाने काढून टाकला. पप्पा आधी चिडले, मग सातपूरकरांची पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली तर गप्प झाले. आज सकाळी स्वतःच मशीन लावलं, 128/78, आणि आईच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर तारीख टाकून लिहून ठेवलं. सोमवारची अपॉइंटमेंट घेतलीय, डॉक्टर काय म्हणतात ते इथे लिहिते.