सुरूच न होणारा कॉम्प्युटर : तुमचे अनुभव सांगा

टॉवेलवाल्याची लेक
काल माळा आवरताना आप्पांचा जुना कॉम्प्युटर खाली काढला. २००४ साली सोलापूरच्या नवी पेठेतून जुळवून घेतलेला, २५६ एमबी रॅमचा. भंगारात द्यायच्या आधी एकदा वायर लावून बघितली. पंखा फिरला, पडदा काळाच, आणि तोच आवाज. टीं... टीं... टीं... मी तिथंच फरशीवर बसले.

आमचे चार माग होते, खालच्या खणात. कॉम्प्युटर वरच्या खोलीत, तरी सुताची भुकटी तिथंपर्यंत यायचीच. २००६ चा मे महिना. सूत कुणाकडून किती उधार, बीमचे पैसे, कामगारांची मजुरी, सहा महिन्यांचा सगळा हिशेब आप्पांनी वहीतून कॉम्प्युटरवर घेतलेला आणि वही ठेवणं बंद केलेलं. एका सकाळी बटण दाबलं तर हा आवाज. दुकानवाला फोनवरच म्हणाला, हार्डडिस्क गेली असणार, घेऊन या, नवीन टाकू. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत.

गल्लीतला एक दादा पॉलिटेक्निकला होता, त्याला बोलावलं. त्यानं आधी वायर काढली, मग बाजूचं झाकण. आत भुकटीचा थर, गादीत भरतात तसा. ब्रशनं सगळं झाडलं, रॅमची पट्टी काढली आणि मला म्हणाला, तुझ्या कंपासमधला खोडरबर दे. पट्टीच्या सोनेरी दातांवरून रबर फिरवला, फडक्यानं पुसलं, दोन्ही बाजूंनी कट्ट वाजेपर्यंत दाबून बसवली. एकच टीं, आणि विंडोज उघडलं! म्हणाला, हा आवाज रॅमचा आहे, हार्डडिस्कचा ह्याच्याशी संबंधच नाही. आईनं त्याला कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली.

दहावीची परीक्षा देऊन मी रिकामी होते. त्या दिवसापासून घरातलं झाकण उघडायचं काम माझं. तुमचे पण असे अनुभव असतील, लिहा.

बाळीवेस
खोडरबर!! आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये १२ कॉम्प्युटर होते, पावसाळ्यात रोज एखादा तरी ओरडायचा. सर खिशातच रबर ठेवायचे.

मे महिना ४४
आमचा सुरू व्हायचा आणि दहा मिनिटांत बंद. परत दाबलं की दोन मिनिटांत बंद. सगळे म्हणाले व्हायरस. दोनदा फॉरमॅट मारला, पैसे गेले. शेवटी कळलं की प्रोसेसरवरचा पंखा धुळीनं जाम झालेला आणि खालची, उष्णता पंख्याकडे नेणारी पेस्ट वाळून खडू. प्रोसेसर तापला की मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. पत्र्याखालची खोली, एप्रिल-मेचं ऊन, ते बिचारं काय करणार. नवी पेस्ट लावली, नंतर तीन वर्षं कुरकुर नाही.

गड्डा
भारनियमन आठवा जरा. लाइट गेली की यूपीएस टीक टीक, तेवढ्यात सेव्ह करायला धावायचं. आणि लाइट आली की आधी होल्टेज कमी, मग एकदम जास्त. आमचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, त्यातच गेला. बटण दाबलं तर काहीच नाही, पंखा पण नाही. दुरुस्तीवाल्या काकांनी मोठ्या जोडणीतली हिरवी वायर आणि काळी वायर कागदाच्या क्लिपनं जोडली. पंखा हलला नाही, म्हणाले हा गेला, बाकी सगळं ठीक आहे. नवीन टाकला, झालं. पण एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका हां कुणी, वायर काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो.

बाळीवेस
@गड्डा नाव वाचून गड्ड्याची जत्रा आणि होम मैदान आठवलं. यंदा येणार का जानेवारीत?

गड्डा
येणार म्हणजे! पुण्यातनं हुतात्मा एक्सप्रेस पकडली की घरी. नंदीध्वज चुकवत नाही.

जुळे सोलापूर
मध्येच विचारते, माफ करा. लॅपटॉप सकाळपासून लोगोवर अडकलाय, खाली ठिपके गोल गोल फिरतात, पुढं काहीच नाही. विंडोज १० आहे. लेकीचं प्रोजेक्ट आत आहे, उद्या द्यायचंय. एफ८ दाबून बघितलं, काही होत नाही.

मे महिना ४४
ताई, १० मध्ये एफ८ सहसा चालत नाही. आधी पेनड्राइव्ह, माउस, प्रिंटर, जे लावलंय ते सगळं काढा. मग सुरू करा, लोगो आला की बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा. त्यानंतर दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. त्यात ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ४ दाबा. सेफ मोड, म्हणजे फक्त गरजेपुरतं विंडोज उघडतं.

टॉवेलवाल्याची लेक
आणि ताई, सेफ मोडमध्ये उघडला की दुसरं काही करू नका, आधी प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर. ४८ आकडी किल्ली मागितली तर घाबरू नका, डिस्कला कुलूप आहे इतकाच त्याचा अर्थ. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करता त्यात मोबाइलवरून बघा, बहुतेक तिथं सापडते. आणि दुकानात न्यावाच लागला तर फॉरमॅट करू नका असं आधी सांगा, कागदावर लिहून द्या.

लेकाची आई
कागदावर लिहून द्या, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर. माझ्या मुलाचे पहिल्या चार वर्षांचे फोटो होते. बारसं, पहिलं पाऊल, माझी सासू त्याला मांडीवर घेऊन. विंडोज उघडत नव्हतं म्हणून दुकानात दिला. संध्याकाळी परत आणला, सुरू होता, आणि पूर्ण रिकामा. "फॉरमॅट केलंय ताई, आता मस्त फास्ट चालेल." मला दुकानात बोलताच आलं नाही. सासूबाई आता नाहीत. तो एकच फोटो होता दोघांचा.

बाळीवेस
😔 काय बोलावं कळेना ताई. किती वर्षं झाली? त्यानंतर त्या डिस्कवर फार काही लिहिलं नसेल तर फोटो परत मिळतात कधी कधी. डिस्क आहे का?

लेकाची आई
११ वर्षं. कॉम्प्युटर तोच वापरला नंतर पाच वर्षं. आता नाही मिळायचं.

कारभारी
लेकाची आई, नात्यातल्या कुणाकडे तरी बारशाचे फोटो असतील, एकदा सगळ्यांना विचारा. आमच्या आत्याकडे असाच सापडला होता, कागदी.

माझा अनुभव छोटा. बँकेत होतो. सकाळी सगळ्यांची मशीन सुरू, माझ्यावर "नॉन सिस्टम डिस्क". शिपाई हसत आला, फ्लॉपी काढली, एंटर मारला, झालं. आदल्या दिवशीची आत राहिलेली. आता पेनड्राइव्हचं तेच होतं.

मे महिना ४४
काळा पडदा पण आतून पंख्याचा आवाज असेल तर अंधारात पडद्यावर टॉर्च तिरकी मारून बघा. अंधुक चित्र दिसलं तर लॅपटॉप सुरूच आहे, पडद्यामागचा उजेड गेलाय. माझ्या भाच्याला मदरबोर्ड बदलायला सांगितला होता, वाचला.

गड्डा
शेंगाचटणी कुटणारा तो उखळवाला अजून आहे का हो कुणाच्या माहितीत? मिक्सरची नको, कुटलेलीच पाहिजे, तेल सुटलेली.

कारभारी
इथं कॉम्प्युटर चाललाय आणि ह्याला चटणी 😄 घरी या, सौ. अजून खलबत्त्यात कुटते.

जुळे सोलापूर
चौथ्या वेळी निळा पडदा आला!! ४ दाबलं, उघडला. प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर घेतलं. नेहमीसारखा अजून उघडत नाही, पण ते आता रविवारी बघू. खूप खूप आभार. रडायला लागली होती पोरगी.

टॉवेलवाल्याची लेक
ताई, जीव भांड्यात पडला!

मी पण रात्री रबर शोधला. लेकाच्या दप्तरातला. पट्टी घासली, बसवली. एकच टीं. तारीख १ जानेवारी २००२ दाखवतोय, एफ१ दाबा म्हणतोय, पण एक्सपी उघडलं. हिशेबाची फाईल आहे. शेवटची ओळ आप्पांनी लिहिलेली, सुताचे पैसे चुकते, आणि त्याच्याखाली माझ्या कॉलेजची फी. भंगारवाल्याला नको म्हणून सांगितलं. मदरबोर्डवरचा तो गोल सेल अजून मिळतो का?

बाळीवेस
सीआर २०३२. घड्याळाच्या दुकानात पण मिळेल, ३ व्होल्टचा. सेल नंतर बदल, आधी फाईल दुसरीकडे घे. डिस्क वीस वर्षांची आहे, आज उघडली म्हणून उद्या उघडेलच असं नाही.

टॉवेलवाल्याची लेक
पेनड्राइव्ह लावलाय. चाललंय, ४० टक्के.