टीआरपी नाही म्हणून चांगली मालिका बंद?

प्रश्न: इतकी छान चाललेली मालिका अचानक गुंडाळली, म्हणे टीआरपी नाही. पण आमच्याकडे कधी कोणी मीटर बसवलं नाही, मग आम्ही बघतो ते मोजतं कोण?

उत्तर: सगळी घरं नाही मोजत, निवडक घरांत मीटर असतं आणि त्यावरून बाकीच्यांचा अंदाज काढतात. जाहिरातीचा दर त्याच आकड्यावर ठरतो त्यामुळे खर्च जास्त अन् आकडा कमी असला की मालिका गेलीच समजा.

उत्तर: वेळ पण बघा ना. अमेरिकेत 'स्टार ट्रेक' तिसऱ्या सीझनला शुक्रवारी रात्री १० ला टाकली, १९६९ मध्ये बंद झाली, आणि नंतर रिपीट टेलिकास्टवर तुफान चालली!

प्रश्नकर्ता: आमचीही वेळ आधी बदललीच होती. निदान शेवट तरी नीट करू द्यायचा होता, फार वाईट वाटतंय.