हायड्रोजन बंध चुंबकत्व वाहून नेतो, की फक्त रेणूंची मांडणी करतो?

प्रश्न : एम.एस्सी. विद्यार्थिनी, ठाणे

रेणूंपासून तयार होणाऱ्या चुंबकांवर माझा प्रकल्प चालू आहे. अशा स्फटिकांत रेणू पुष्कळदा हायड्रोजन बंधासारख्या दुर्बळ आकर्षणाने एकत्र राहतात. त्या दुव्यातून एका रेणूचा स्पिन (इलेक्ट्रॉनांमुळे येणारा सूक्ष्म चुंबकीय गुणधर्म) शेजारच्या रेणूला खरोखर जाणवतो का, की सुप्रामॉलिक्युलर रसायनशास्त्राचे, म्हणजे दुर्बळ आकर्षणांनी रेणू एकत्र बांधण्याच्या शास्त्राचे, काम रेणू योग्य जागी बसवण्यापुरतेच असते? शिवाय माझे स्फटिक द्रावणातून बाहेर काढले की दोन दिवसांत धुरकट होतात. त्याने मोजमाप बिघडेल का?

उत्तर : नेरूळ

जाणवतो, पण फार क्षीण. २००२ साली अभ्यासलेल्या एका संयुगात चार मँगनीज अणूंचे दोन समूह मुख्यतः कार्बन-हायड्रोजन आणि क्लोरीन यांच्यातील दुर्बळ हायड्रोजन बंधांनी जोडलेले होते. प्रत्येक समूहाचा स्पिन ९/२ होता, आणि शेजाऱ्याच्या प्रभावामुळे शून्य चुंबकीय क्षेत्रात अपेक्षित असलेले क्वांटम टनेलिंग (ऊर्जेचा अडथळा न चढता स्पिनची दिशा उलटणे) बाजूला सरकून दुसऱ्या क्षेत्रमूल्याला होताना आढळले. मात्र हा परिणाम एक केल्विनच्याही खालच्या तापमानात स्पष्ट दिसतो. याउलट व्हॅनेडियम आणि क्रोमियम सायनाइडच्या (कार्बन-नायट्रोजन जोडीच्या) पुलांनी जोडले, तेव्हा १९९५ साली ३१५ केल्विनपर्यंत टिकणारे चुंबक मिळाले. प्रशियन ब्लू या लोहाच्या निळ्या रंगद्रव्यातही सायनाइडच आहे, तरी त्याचे चुंबकत्व सुमारे ५.६ केल्विनपर्यंतच टिकते, कारण त्यातील चुंबकीय लोह-आयनांच्या मधोमध स्पिन नसलेले लोह-आयन येतात. म्हणजे पूल कोणता, इतकेच पुरेसे नाही; त्याच्या दोन्ही टोकांना कोण उभे आहे, हेही पाहावे लागते.

उत्तर : वाशी

वरील मुद्दा मान्य, परंतु ताई, आधी तुम्हाला कोणते चुंबक हवे ते ठरवा, कारण दोन उद्दिष्टांच्या गरजा परस्परविरोधी आहेत. सबंध स्फटिक चुंबक व्हायचा असेल, तर स्पिन तिन्ही दिशांना बळकट पुलांनी जोडावे लागतात. एकेक रेणूच चुंबक व्हायचा असेल, तर त्यांना परस्परांपासून दूर ठेवावे लागते, आणि तेथे मोठे लिगंड (धातूला जोडलेले रेणू वा आयन) किंवा मोठे प्रतिआयन (विरुद्ध प्रभाराचे सोबती आयन) उपयोगी पडतात. बारा मँगनीजच्या प्रसिद्ध ॲसिटेट संयुगाचा स्पिन १० आहे. २ केल्विनला त्याचे चुंबकत्व काही महिने टिकते. तरीही स्फटिकात हायड्रोजन बंधांनी अडकलेले ॲसिटिक ॲसिडचे रेणू अव्यवस्थित बसतात, काही समूहांची सममिती मोडतात आणि टनेलिंग सुकर करतात. दुर्बळ बंधाची ताकद मला येथेच सर्वाधिक जाणवते.

म्हणूनच धुरकट होणाऱ्या स्फटिकांकडे दुर्लक्ष करू नका. त्यांतील द्रावक निघून जात असावा, आणि त्याबरोबर रेणूंमधील अंतरे व कोनही बदलत असतील. नमुना मातृद्रावणातच, म्हणजे स्फटिक ज्यात वाढले त्या द्रावणातच, ठेवा, बंद नळीत मोजा, आणि मोजलेल्या त्याच नमुन्याचे पावडर एक्स-रे विवर्तन (क्ष-किरणांनी अणूंची मांडणी तपासणे) मूळ रचनेशी ताडून पाहा.

प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार, सर. मला एकेका रेणूचेच चुंबकत्व हवे आहे, आणि मी मात्र आतापर्यंत अधिकाधिक हायड्रोजन बंध देणारे लिगंड निवडत होते. आता मोठ्या प्रतिआयनाने सुरुवात करते.