अनुभव धागा: रोज हाताळतो ती वस्तू, आणि ती घडवणारा

शेवंता:
काल कपाट आवरताना आत्याची कात्री सापडली आणि आवराआवर तिथेच थांबली. आत्या शिवणकाम करायची. ही कात्री तिने एका कारागिराकडून सांगून करून घेतली होती. देताना तो म्हणाला होता, "ताई, हिला कागद दाखवू नका." आत्याने ते वाक्य पुढे जन्मभर आम्हा पोरांवर वापरलं.

कात्री मिटून उजेडासमोर आडवी धरली की पात्यांच्या मधून प्रकाश दिसतो. मधल्या खिळ्यापाशी टेकलेली, टोकाला टेकलेली, अधे बारीकशी फट. पात्यांना मुद्दाम किंचित बाक दिलेला असतो. त्यामुळे कापताना ती एका वेळी एकाच बिंदूवर भेटतात आणि तो बिंदू खिळ्याकडून टोकाकडे सरकत जातो. पाती अगदी सपाट असली तर कापड कापलं जाण्याऐवजी मध्ये दुमडून अडकतं. आत्या सांगायची, तो माणूस शेवटची जुळणी कानाने करायचा. हातोडीचा हलका टोला, उघडमीट करून आवाज ऐकायचा, परत टोला. खरखर ऐकू आली की कात्री परत ऐरणीवर.

तर तुमच्याकडे असं काय आहे? शोकेसमधलं नको, वापरातलं सांगा. बनवणारा माहीत असेल तर त्याच्याबद्दलही लिहा.

तळटीप:
मस्त धागा. आमच्या घरी आईची कात्री आणि बाबांचं पेन या दोन गोष्टींवरून जेवढी भांडणं झाली तेवढी जमिनीवरून नसतील झाली.

पाऊणशहाणा:
पाकीट. चामड्याचं. कॉलेज संपलं तेव्हा घेतलं, अजून तेच आहे, आत पैसे असोत नसोत.
बनवणारा एकटाच, मागच्या खोलीत काम करतो. एक दोरा, दोन्ही टोकांना सुया. आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. मी शहाणपणा केला, म्हटलं मशीन घ्या की, लवकर होईल. त्याने उत्तर दिलं नाही. नमुन्याची एक पट्टी घेतली, मधला एक टाका ब्लेडने कापला, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "ओढा." ओढली. शेजारचे टाके जागचे हलले नाहीत. मशीनच्या शिलाईत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की बाजूचे टाके सैल पडायला लागतात. इथे एक टाका गेला तरी दोऱ्याचा दुसरा पदर धरून ठेवतो.
मग मी गप्प बसलो. (क्वचित घडतं.)

दुपारची झोप:
+१ पाकिटाला. कुकर लावलाय, तुकड्यातुकड्यात लिहिते.
आमच्याकडे एक खुर्ची आहे, ना खिळा, ना स्क्रू, ना डिंक. आडव्या दांड्या पायांच्या भोकांत नुसत्या ठोकून बसवल्यात. सासरे आणि त्यांचा मित्र दोघांनी मिळून केली, मित्र सुतारकाम करायचा, सासरे फक्त गप्पा मारायचे असं सासूबाईंचं म्हणणं. युक्ती अशी की आडव्या दांड्या खडखडीत वाळवायच्या आणि पाय थोडे ओले असतानाच जोडायचे. मग पाय सुकता सुकता आकसतात आणि दांडीला आवळून धरतात. उलट केलं तर वर्षभरात खुळखुळा.
शिट्टी झाली, आले.

तळटीप:
नावाला जागतो, तळटीप देतो: लाकूड सगळीकडून सारखं आकसत नाही. वाढीच्या कड्यांच्या दिशेने जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मं गाभ्यापासून सालीच्या दिशेने, आणि लांबीत तर जवळपास नाहीच. म्हणून गोल भोक सुकल्यावर किंचित लंबगोल होतं. चांगला सुतार भोक पाडण्याआधी कड्या कुठल्या बाजूला आहेत ते बघून घेतो.

दुपारची झोप:
हे सासऱ्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "ते मीच सांगितलं होतं त्याला." सासूबाई हसतायत.

रिकामा_डबा:
हाताने केलेलं तेवढं सोनं, असा सूर लागतोय म्हणून मध्ये पडतो. थोनेट या फर्निचर कंपनीची 14 नंबरची खुर्ची घ्या, 1859 ची. वाफेवर वाकवलेलं बीचचं लाकूड, सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुटी केली की एक घनमीटर खोक्यात 36 खुर्च्या मावायच्या. संपूर्ण कारखान्याचा माल, आणि आजही तिच्यात खोट काढून दाखवा.
दुसरं, ते जाड रबरी मुठीचं सोलाणं. सॅम फार्बर नावाच्या गृहस्थांच्या पत्नीला, बेट्सीला, संधिवात होता, पातळ धातूची मूठ तिला धरवेना. त्यातून ती मूठ आली, 1990 मध्ये बाजारात. बोटं टेकतात तिथे रबराला बारीक पापुद्रे ठेवलेत, ओल्या हातातूनही निसटत नाही. लाखांनी बनत असेल, पण विचार करून बनवलंय.

शेवंता:
सोलाण्याला माझी हरकत नाही :) कारखान्याचं ते वाईट असं मी म्हटलंच नव्हतं. मला वाटतो तो फरक वेगळा आहे. कात्री सैल झाली की आत्याला कोणाकडे जायचं ते ठाऊक होतं. आणि त्यालाही ही कात्री कोणाची, ती काय शिवते, हात केवढा, सगळं माहीत. सोलाण्याचं पातं गेलं की मी काय करते? नवीन आणते.

रिकामा_डबा:
हे मान्य. माघार नाही, पण मान्य.

पाऊणशहाणा:
म्हणजे माघारच.

डावखुरा_दादा:
कात्रीचा विषय निघालाच आहे तर आमची कैफियत. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात घेतली की अंगठ्याचा दाब पाती एकमेकींपासून दूर ढकलतो, कापड चघळलं जातं. वर रेघ पात्याखाली लपते. नुसत्या मुठी बदलून भागत नाही, पाती उलटी लागतात, आरशात दिसतील तशी. शाळेत "हस्तकला कच्ची" शेरा घेतला. चाळिशीत एकाने खरी डावी कात्री करून दिली आणि कळलं, कच्ची कात्री होती.

मीनल_ट:
दादा, अगदी अगदी! माझी लेकही डावरी.
माझी वस्तू किटली, एका कुंभार बाईंनी केलेली. ओतून झाल्यावर तोटीखाली थेंब ओघळत नाही. एवढंच. पण ज्यांच्या टेबलावर कायम ओला गोल उमटतो त्यांना विचारा. तोटीची खालची कड त्यांनी धारदार ठेवलीय, गुळगुळीत गोल कड असली की धार थांबताना थेंब वळून खालून पळतो. झाकणाला बारीक भोक आहे, त्यावर बोट ठेवलं की आत हवा जात नाही आणि धार तुटते. लेकीचा आवडता खेळ. आणि आतल्या जाळीची भोकं एवढी, की सगळी मिळून तोटीच्या तोंडापेक्षा मोठी भरतात, नाहीतर पाणी तिथेच तुंबतं. हे सगळं मला त्यांनी सांगितलं नव्हतं, मी खोदून खोदून विचारलं. तळाला नाव नाही म्हणून तेही विचारलं, तर नुसत्या हसल्या.

तळटीप:
जपानी कुंभार शोजी हामादाही भांड्यांवर सही करत नसत. 1920 मध्ये बर्नार्ड लीच या इंग्रज कुंभाराबरोबर इंग्लंडात सेंट आइव्हजला भट्टी उभी केली, जपानला परतल्यावर सही सोडली. त्यांचे मित्र सोएत्सु यानागी यांनी 1936 मध्ये टोकियोत लोककलेचं संग्रहालय उघडलं, त्यात बनवणाऱ्याचं नाव कोणालाच माहीत नाही अशा रोजच्या वापरातल्या वस्तू ढिगाने आहेत.

उशीरा_आलेली:
सगळे कारागीर संतच असल्यासारखं चाललंय. एकाने माझ्याकडून बॅगेचे अर्धे पैसे आगाऊ घेतले आणि "चामडं वाळतंय" सांगत सहा महिने काढले. बॅग आली ती छान आहे, हे कबूल करायला जिवावर येतं.

दुपारची झोप:
मीनल, लेकीचा निकाल लागला का गं?

मीनल_ट:
लागला! बरा आहे. गणितात तिचा बाप झाली.

उशीरा_आलेली:
पाऊणशहाणा, तुमच्या पाकीटवाल्याचा नंबर मिळेल का? नवऱ्याचं पाकीट म्हणजे आता नुसतं अस्तर उरलंय.

पाऊणशहाणा:
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. घाई करू नका त्याला, उलट उत्तर देतो. आणि मशीन घ्या म्हणून सुचवू नका.