बैलगाडा शर्यतीत पॅनिंग : भर उन्हात शटरचा वेग कमी कसा ठेवावा?

नमस्कार मंडळी,

खेड, जुन्नर, आंबेगाव या भागात जत्रांच्या दिवसांत भरणाऱ्या बैलगाडा घाटांची (शर्यतींची) छायाचित्रे मॅन्युअल मोडवर काढण्याचा सराव सध्या चालू आहे. त्यात आलेल्या काही अडचणींबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर असून सोबत १८-५५ आणि ५५-२५० मिमी या दोन लेन्स आहेत.

शटर १/१००० सेकंदावर ठेवले की चित्र लख्ख येते, परंतु उधळलेली धूळ हवेत गोठते, चाकांचे आरे स्थिर दिसतात आणि सुसाट सुटलेला गाडा जागच्या जागी उभा केल्यासारखा वाटतो. मला हवे आहे ते नेमके उलटे, म्हणजे बैलांची अंगे स्पष्ट, पाय फराटल्यासारखे आणि मागची गर्दी आडव्या रंगरेषांत विरघळलेली. त्यासाठी पॅनिंग, म्हणजे धावत्या गाड्यासोबत कॅमेरा फिरवत चित्र टिपणे, करावे लागते; त्याला १/२५ ते १/६० च्या आसपासचा वेग लागतो, आणि अडचण इथेच सुरू होते.

शर्यती बहुतांशी दिवसाउजेडी होतात. कडक उन्हात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि एफ/१६ (लेन्सचे छिद्र; आकडा मोठा तितके छिद्र लहान) ला शटर साधारण १/१०० येते; तेच १/२५ वर आणायचे तर एफ/३२ पर्यंत जावे लागते आणि तिथे विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे) संपूर्ण चित्रच मऊ पडते. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच; एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) लावल्यास १/२५ हाच वेग एफ/११ वर मिळू शकेल, हे गणित मला समजते. हाताशी असलेला पोलरायझरही (चमक कमी करणारा फिल्टर) दीड-दोन स्टॉप प्रकाश कमी करतो. तेव्हा एनडीवर खर्च करावा की पोलरायझरवर भागवून ऊन कलल्यावरच्या बाऱ्या (गाड्यांच्या धावा) टिपाव्यात? एनडी लावल्यावर २५० च्या टोकाला, जिथे लेन्स मुळातच एफ/५.६ ची आहे, ऑटोफोकस अडखळतो का, हेही प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडून कळल्यास बरे होईल.

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. रस्त्यावरच्या दुचाकींवर १/३० ला पॅनिंग बऱ्यापैकी जमते, कारण दुचाकी एका पातळीत सरकत जाते. बैल मात्र झेपा घेत धावतो; त्याची मान वर-खाली होते, आणि कॅमेरा कितीही सफाईने आडवा फिरवला तरी डोळे व शिंगे दुहेरी उमटतात. एका चित्रात जवळच्या बैलाचे वशिंड आणि पाठीवर उधळलेला गुलाल अगदी कणाकणाने स्पष्ट आला, तोंड मात्र पार पुसले गेले. अशा वेळी फोकसचा बिंदू वशिंडावर धरून तोंडाचा नाद सोडावा, की १/८० पर्यंत वेग वाढवून पायांच्या फराट्यांवर थोडे पाणी सोडावे? माझा कल पहिल्या पर्यायाकडे आहे, पण घरच्यांना तोंड नसलेला बैल पसंत पडत नाही.

उभे राहण्याच्या जागेविषयीही मत हवे आहे. धावपट्टीजवळून टिपल्यास पुढे धावणारी घोडी, बैल आणि गाडा यांचा कोनीय वेग (कॅमेऱ्यासमोरून सरकण्याचा वेग) वेगवेगळा पडतो, त्यामुळे एक स्पष्ट येतो आणि दुसरा फिसकटतो. लांबून २०० मिमीवर हा फरक कमी होतो खरा, परंतु मध्ये प्रेक्षकांचे फेटे, टोप्या आणि उंचावलेले मोबाईल येतात. बारी दहा-बारा सेकंदांत संपत असल्याने मध्येच जागा बदलणे अशक्य असते. पट्टीत उतरणे धोक्याचे आहे आणि फ्लॅशने जनावर बुजू शकते, म्हणून हे दोन्ही पर्याय कृपया सुचवू नयेत.

शेवटचे विचारायचे म्हणजे, समोरच्या ठरावीक खुणेवर आधीच हाताने फोकस करून ठेवणे बरे, की सतत फोकस चालू ठेवून सलग चित्रे घेणे? माझ्या लेन्सच्या स्थिरीकरणाला (हाताचा कंप सावरणाऱ्या सोयीला) पॅनिंगसाठी वेगळे बटण नाही. ते अशा वेळी बंद ठेवावे का? कोणी अशी छायाचित्रे काढली असल्यास ती सेटिंगसह येथे द्यावीत. बिघडलेली असली तरी चालतील.