प्रतिसाद: लैंगिकतेवरच्या पेपरसाठी संदर्भ

ताई, तालुक्याच्या कॉलेजात या विषयावर एकही पुस्तक नाही आणि गूगलवर भलतंच येतं म्हणून विषय बदलू का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून बदलू नका. ग्रंथपालांना आधी 'एन-लिस्ट'चं, म्हणजे कॉलेजांना ऑनलाइन जर्नल्स-पुस्तकं पुरवणाऱ्या योजनेचं, लॉगिन मागा. कॉलेज सभासद असेल तर गावातून मोबाईलवरही जर्नल्स वाचता येतात. विषय सांगताना लाजू नका, अभ्यासच आहे हा. शोधताना नुसतं 'सेक्स' टाकू नका; 'प्रजनन आरोग्य', 'किशोरवयीन' असे शब्द इंग्रजीतून टाका. प्रबंधांसाठी 'शोधगंगा' आहे, तीही फुकट.

आणि आपल्या विदर्भातलाच आधार घ्या ना! डॉक्टर राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला हा निबंध मूळातूनच वाचा, बातमीवरून उतरवू नका. जिल्ह्याचे अलीकडचे आकडे हवे असतील तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची फेरी बघा. इतिहासाचा भाग असेल तर संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' मासिक बघा, १९२७ ते १९५३. मात्र त्यातलं वैद्यकीय ज्ञान त्या काळचं आहे, आजचं म्हणून देऊ नका.